विभाग-मानांकन (आभासी बेसबॉल लीग)

विभाग-मानांकन : संगणकावर खेळल्या जाणाऱ्या आभासी बेसबॉल लीगमध्ये हंगाम सुरू होण्याआधी संघांचा ताकदीप्रमाणे क्रम लावून त्यांना विभागांत वाटण्याची रीत. बोलण्यात ‘सीडिंग’ किंवा नुसते ‘गट पाडणे’. हे खेळ संगणकाच्या आधीपासूनचे आहेत. फासे आणि खेळाडूंचे पत्ते घेऊन खेळायचा ‘एपीबीए’ १९५१ पासून, तर ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ १९६१ पासून अमेरिकेत विकला जातो. आता फाशांचे काम संगणक करतो. गट पाडण्यावरून होणारी भांडणे मात्र माणसेच करतात.

अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये, म्हणजे खऱ्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये, ३० संघ, दोन लीग आणि सहा विभाग आहेत. तिथली विभागणी मुख्यतः भूगोलावर चालते, कारण प्रवास आणि घड्याळाच्या वेळा सांभाळाव्या लागतात. तिचे तोटेही ठळक दिसले आहेत. १९९३ मध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने १०३ सामने जिंकले आणि तरी तो संघ बाद फेरीआधीच घरी बसला, कारण त्याच विभागात अटलांटाने १०४ जिंकले होते. अटलांटा तेव्हा ‘पश्चिम’ विभागात होता, म्हणजे भूगोलही धड पाळलेला नव्हता. उलट २००६ मध्ये सेंट लुईस कार्डिनल्स ८३ विजयांवर विभागात पहिला आला आणि पुढे वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम विजेतेपदही, जिंकला. आभासी लीगमध्ये कोणीच विमानात बसत नाही. त्यामुळे इंदूरच्या १२ मित्रांनी आपापल्या वस्तीच्या नावाने संघ काढले, तर राजेंद्रनगर, लोकमान्यनगर आणि सुदामानगर शहराच्या एकाच अंगाला आहेत म्हणून त्यांना एकाच विभागात कोंबायचे काही कारण उरत नाही. हौस म्हणून करायचे तर करावे, पण त्याला न्याय म्हणू नये.

इंदूरकरांना हे समजायला बेसबॉलची गरज नाही. इंदूरच्या होळकर क्रिकेट संघाचा इतिहास पुरेसा आहे. त्या काळी रणजी करंडक विभागवार बाद पद्धतीने खेळला जाई आणि एका विभागातून एकच संघ पुढे जाई. पश्चिम विभागात मुंबई, महाराष्ट्र, बडोदा, गुजरात, नवानगर, वेस्टर्न इंडिया अशी दाटी होती. १९३९-४० ते १९४३-४४ या पाचही हंगामांचे विजेते या एकाच विभागातले. होळकर संघ वेगळ्या विभागात होता. १९४४-४५ पासूनच्या ११ हंगामांत त्याने १० अंतिम सामने गाठले आणि चार वेळा करंडक जिंकला. जो एक अंतिम सामना हुकला तो १९४८-४९ चा, आणि नेमक्या त्याच वर्षी विभाग बाजूला ठेवून सामने लावले गेले होते. त्या वर्षी मुंबई आणि महाराष्ट्र उपांत्य फेरीतच समोरासमोर आले आणि अंतिम सामना मुंबई-बडोदा झाला. एका हंगामावरून निकाल लावता येत नाही. शिवाय सी. के. नायडूंच्या संघाने अंतिम सामन्यांत बडोदा, मुंबई आणि गुजरात या तिघांनाही हरवले आहे. त्यांची ताकद उसनी नव्हती. तरीही पश्चिमेतला चांगला संघ पहिल्या-दुसऱ्या फेरीत गारद व्हायचा आणि तितक्याच तोलाचा दुसरा मार्चपर्यंत खेळत राहायचा, हे नाकारता येत नाही.

वाटणीची रूढ पद्धत नागमोडी. १२ संघ आणि तीन विभाग असतील तर पहिले तीन क्रमाने अ, ब, क मध्ये जातात, पुढचे तीन उलटे क, ब, अ मध्ये, आणि असेच पुढे. अ मध्ये १, ६, ७, १२ येतात, ब मध्ये २, ५, ८, ११ आणि क मध्ये ३, ४, ९, १०. तिन्हींची बेरीज २६. विभागात संघांची संख्या विषम झाली की हे गणित फसते : १५ संघांच्या लीगमध्ये बेरजा ३९, ४०, ४१ होतात. आणि बेरीज जुळली तरी ताकद जुळतेच असे नाही, कारण पहिल्या आणि दुसऱ्या संघातले अंतर सातव्या-आठव्यातल्या अंतराच्या कितीतरी पट असू शकते. म्हणून काही लीग नागमोडीऐवजी ताकदीप्रमाणे तीन-तीन संघांचे टप्पे करतात आणि प्रत्येक टप्प्यातून भिशीसारख्या चिठ्ठ्या काढून एकेक संघ प्रत्येक विभागात घालतात.

खरा वाद क्रम कशावरून लावायचा याचा. गेल्या वर्षीचे विजय हा वाईट मापदंड आहे. एका धावेने जिंकलेल्या सामन्यांत नशिबाचा वाटा फार असतो. बेसबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक बिल जेम्स यांचे सूत्र यापेक्षा बरे : काढलेल्या धावांच्या वर्गाला, काढलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांच्या बेरजेने भागायचे. ८०० धावा काढून ७०० दिलेल्या संघाचे उत्तर ०.५६६ येते, म्हणजे १६२ सामन्यांत सुमारे ९२ विजय. त्याने प्रत्यक्षात ९९ जिंकले असतील, तर वरचे सात पुढच्या वर्षी मिळतील असे धरू नये. आभासी लीगला आणखी एक सोय आहे, जी खऱ्या खेळाला कधीच मिळणार नाही : लीगच्या फाइलची प्रत काढून, सगळ्यांना सगळ्यांशी सारखे सामने लावून, तोच हंगाम हजार वेळा चालवता येतो. त्यातून निघालेली सरासरी हाच सर्वांत निखळ क्रम. मात्र ज्याचा स्वतःचा संघ लीगमध्ये आहे, त्या आयुक्ताने (लीग चालवणाऱ्याने) हे काम एकट्याने करू नये.

मानांकनाइतकेच, माझ्या मते त्याहून अधिक, महत्त्व वेळापत्रकाला आहे. १२ संघांच्या लीगमध्ये १६२ सामने अनेक प्रकारे बसतात, त्यांतले दोन असे : विभागातल्या तिघांशी ३०-३० आणि बाहेरच्या आठांशी ९-९; किंवा आत १४-१४ आणि बाहेर १५-१५. पहिल्यात ९० सामने विभागात होतात, दुसऱ्यात ४२. विभागातले प्रतिस्पर्धी सरासरी ०.५०० ऐवजी ०.५५० ताकदीचे निघाले, तर पहिल्या वेळापत्रकात साडेचार विजयांचा फटका बसतो, दुसऱ्यात दोनचा. बाहेरचे संघ त्या मानाने थोडे दुबळे असल्याने काही भरपाई होते, पण दोन वेळापत्रकांतला फरक उरतोच. गट पाडताना चूक होणारच असेल, तर दुसरे वेळापत्रक ती झाकून नेते. त्याची किंमत अशी, की शेजाऱ्याशी वैर रंगायला चौदा सामने कमी पडतात.

मालक गायब झालेले संघ हा या खेळाचा खास आजार. परीक्षा आली, नोकरी बदलली, कोणाचे लग्न ठरले, आणि संघ संगणकाच्या हवाली. असा संघ कागदावर सातवा असला तरी हंगामाच्या मध्यात तो सगळ्यांना विजय वाटत सुटतो. म्हणून बिनमालकाचे संघ क्रमात न धरता आधी वेगळे काढतात, प्रत्येक विभागात एकेक टाकतात आणि मगच उरलेल्यांची नागमोडी वाटणी करतात. एकच असा संघ असेल, तर नवा मालक मिळेपर्यंत हंगाम सुरू न केलेला बरा.