कायोटीसाठी कुठलं कॅलिबर? आकड्यामागचं भौतिकशास्त्र

चार काडतुसं टेबलावर शेजारी-शेजारी उभी करा: .२२ लाँग रायफल, .२२ हॉर्नेट, .२२३ रेमिंग्टन आणि .२२-२५० रेमिंग्टन. चौघांच्या टोकाला बसवलेली गोळी जवळपास एकाच जाडीची, ५.७ मिलिमीटर. पण पहिल्यातून सुटलेल्या गोळीची ऊर्जा जेमतेम १७० ज्यूल भरते आणि शेवटच्यातली सव्वादोन हजारांच्या घरात जाते. तब्बल तेरापट! कारण मागच्या पितळी कोषात मावणारी दारू. .२२३ मध्ये ती साधारण दीड-पावणेदोन ग्रॅम असते, .२२-२५० मध्ये सव्वादोन-अडीच. अमेरिकेत बंदुकीच्या दुकानात नवखा शिकारी हमखास विचारतो, ‘कायोटीला कुठलं कॅलिबर घेऊ?’ आणि नळीच्या आतल्या भोकाची रुंदी सांगणारा नेमका तोच आकडा त्याला सगळ्यात कमी माहिती देतो.

कायोटी हा उत्तर अमेरिकेतला प्राणी, आपल्या कोल्ह्याचा भाऊबंद. डॅलस-फीनिक्सच्या उपनगरांत राहणाऱ्या मराठी मंडळींनी रात्री त्याची कोल्हेकुई ऐकलेली असेल. पश्चिमेकडच्या राज्यांत त्याचं वजन १० ते १५ किलो. हिवाळ्यात फर फुगली की अंगाने दुप्पट दिसतो, पण फुप्फुसं आणि हृदय मावतात ती जागा वीतभरसुद्धा नसते. टेक्सासमध्ये त्याच्या शिकारीला बंद हंगाम नाही. कोकरं आणि करडं उचलून नेतो म्हणून मेंढपाळांचा त्याच्यावर राग, आणि फरसाठीही त्याला मारतात. (आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कोल्ह्याला संरक्षण आहे, त्यामुळे पुढचं सगळं तिकडचं समजूनच वाचावं.)

शिकारीची रीत अशी: झुडपाआड बसायचं आणि जिवावर बेतलेल्या सशाचा चिरका आवाज शिट्टीतून किंवा स्पीकरवर काढायचा. कायोटी येतो, पण सरळ नाही. वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला जातो, वास घेतो, दोन-तीन सेकंद थबकतो. कधी ६० मीटरवर, कधी २२० वर. अंतर मोजून नेम किती वर धरायचा याचा हिशेब करायला तेवढा वेळ पुरत नाही.

म्हणून गोळीचा मार्ग होता होईल तेवढा सपाट हवा. गुरुत्वाकर्षण हलकी-जड, वेगवान-संथ असा भेद करत नाही. नळीतून बाहेर पडल्यावर पहिल्या ०.२ सेकंदात कुठलीही गोळी सुमारे २० सेंटिमीटर खाली येते. .२२-२५० ची गोळी सेकंदाला १,१०० मीटरच्या वर वेगाने सुटते आणि तेवढ्या वेळात २०० मीटर गाठते. .२२ लाँग रायफलच्या गोळीला त्याच अंतराला तिप्पट वेळ लागतो आणि ती दोन मीटर खाली आलेली असते. वेळ तिप्पट, घसरण नऊ-दहापट, कारण घसरण वेळेच्या वर्गाने वाढते. .२२-२५० च्या रायफलवरची दुर्बीण १८० मीटरला जुळवून ठेवली की पार सव्वादोनशे मीटरपर्यंत गोळी नेमापासून चार-सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त वर-खाली होत नाही. शिकाऱ्याने थेट छातीवर नेम धरावा, बाकीचं डोक्यातून काढून टाकावं.

या वेगाचं वेड जुनं आहे. १९१५ मध्ये चार्ल्स न्यूटन या रचनाकाराने सॅव्हेज कंपनीसाठी .२५०-३००० हे काडतूस केलं. त्यातले ३००० म्हणजे सेकंदाला ३,००० फूट. वेगाचा आकडा सरळ नावातच घालून विकायचा, हा जाहिरातीचा उत्तम नमुना. पुढे १९३० च्या दशकात हौशी बंदूककारागिरांनी त्याच्याच कोषाची मान आवळून त्यात बारीक गोळी बसवली आणि .२२-२५० जन्मलं. कितीतरी वर्षं ते घरगुतीच राहिलं. १९६३ मध्ये ब्राउनिंग कंपनीने त्यासाठी रायफल काढली तेव्हा बाजारात तयार काडतूस मिळतच नव्हतं! ते रेमिंग्टनने १९६५ मध्ये आणलं.

गोळी किती खाली येणार हे निदान ठरलेलं तरी असतं. खरी डोकेदुखी वारा. वारा गोळीला आडवा ढकलत जातो, असं आपण समजतो. मग गोळी हवेत जितका वेळ राहील तितकी सरकेल, एवढंच गणित असायला हवं. प्रत्यक्षात तसं नसतं. गोळी निर्वात पोकळीत गेली असती तर लक्ष्यापर्यंत जो वेळ लागला असता आणि हवेच्या अडथळ्यामुळे जो लागतो, त्या दोन वेळांतला फरक काढायचा आणि त्याला वाऱ्याच्या वेगाने गुणायचं. गोळी तेवढीच सरकते. .२२३ च्या ५५ ग्रेनच्या, म्हणजे साडेतीन ग्रॅमच्या गोळीला १८० मीटरपर्यंत हा उशीर सेकंदाच्या तीन शतांशांइतकाही नसतो. ताशी १६ किलोमीटरच्या आडव्या वाऱ्यात ती बारा-तेरा सेंटिमीटर सरकते, म्हणजे नेम छातीवर आणि गोळी पोटात. २७० मीटरवर हेच फूटभर होतं.

म्हणजे वाऱ्यात नुसता वेग पुरत नाही, वेग टिकवून धरणारी गोळी लागते: लांब, निमुळती, जाडीच्या मानाने जड. १९५५ चं .२४३ विंचेस्टर इथे सरस ठरतं. सहा मिलिमीटरच्या थोडी वर जाडी, वजन दीडपट-पावणेदोनपट. वायोमिंगसारख्या वाऱ्याच्या राज्यात ते उगाच आवडीचं नाही. पण त्याचा खांद्याला बसणारा दणका .२२३ च्या अडीचपट असतो. दुर्बीण लक्ष्यावरून उडते आणि गोळी लागली की हुकली हे स्वतःच्या डोळ्याने दिसत नाही. फरही जास्त फाटते.

आता ‘ताकदी’बद्दल. गोळी लागली की प्राणी मागे फेकला जातो, हे सिनेमावाल्यांचं भौतिकशास्त्र. ताशी १४० किलोमीटरने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूचा संवेग ६.२ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद भरतो आणि .२२३ च्या गोळीचा ३.५. म्हणजे गोळीपेक्षा चेंडूच जास्त ढकलतो. गोळी पूर्णपणे अंगात थांबली तरी १३ किलोच्या कायोटीला मिळणारा वेग ताशी एक किलोमीटरच. तो मरतो, कारण १,७०० ज्यूल ऊर्जा हाताच्या पंजाएवढ्या जागेत सेकंदाच्या एका बारीक अंशात मोकळी होते आणि फुप्फुसं फाटतात. ही ऊर्जा पलीकडे निघून जाऊ नये म्हणून या गोळ्या मुद्दाम नाजूक बनवतात: तांब्याचं पातळ कवच, आत मऊ शिसं, टोकाला प्लॅस्टिकची अणी. शिवाय नळीतल्या पिळदार आट्यांमुळे गोळी मिनिटाला एक लाख नव्वद हजारांच्या वर फेऱ्या या गतीने गरगरत असते. कवच फाटलं की ती आतल्या आत विखुरते. पलीकडून छिद्र पडत नाही, कातडं वाचतं. हुकलीच, तर मातीवर आपटून तिचे तुकडे होतात, दगडावरून उसळून दूर जाण्याचा धोका कमी होतो. कमी, शून्य नव्हे; मागे मातीचं टेकाड नसेल तर चाप ओढायचा नाही.

या सगळ्यात .२२ लाँग रायफल बसत नाही. पन्नास मीटरपलीकडे ती कायोटीला मारण्यापेक्षा जखमी करण्याचीच शक्यता जास्त. शिकार पटो न पटो, जखमी जनावर झुडपात घुसून दोन दिवसांनी मरावं, हे कुणालाच पटू नये. बहुतेकांना .२२३ पुरतं, असं माझं मत. लष्करी ५.५६ मिलिमीटरचं, म्हणजे आपल्या लष्कराच्या इन्सास रायफलमध्ये जायचं त्या काडतुसाचं हे सख्खं भावंड, त्यामुळे स्वस्त आणि कुठेही मिळणारं. स्वस्त काडतुसावर सराव होतो, आणि दोनशे मीटरच्या आत वेगातला फरक सरावाइतका उपयोगी पडत नाही.

फरचा मुद्दा मात्र आता मागे पडतोय. थंडीच्या जाकिटांच्या टोपीला कायोटीची फर लावणाऱ्या कॅनडा गूस कंपनीने २०२१ मध्ये फर सोडत असल्याचं जाहीर केलं. आणि संख्या कमी करायची म्हणाल, तर ते रायफलच्या आवाक्याबाहेरचं काम आहे. कॅलिफोर्नियात १९७५ मध्ये मांडलेल्या एका गणिती प्रारूपानुसार दरवर्षी सत्तर टक्के कायोटी मारले तरी त्यांची संख्या टिकून राहू शकते. हवाई सोडून अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात ते पोचले आहेत. ठरावीक मेंढवाड्यावर येणारा ठरावीक कायोटी गोळीने थांबवता येतो, जमात नाही.

शिशाने मात्र नवाच पेच आणला आहे. मारलेला कायोटी पुष्कळदा जागीच टाकून देतात. गिधाडं-गरुड तो खातात आणि विखुरलेल्या गोळीचे कण त्यांच्या पोटात जातात. १९८२ मध्ये जेमतेम २२ उरलेल्या कॅलिफोर्निया कॉन्डॉर या गिधाडाचा हाच मोठा शत्रू. म्हणून कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून वन्यप्राण्यांवर शिशाची गोळी झाडायला पूर्ण बंदी घातली. उरली तांब्याची. पण तांब्याची घनता ८.९, शिशाची ११.३; त्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते. आणि लांब गोळीला हवेत सरळ राहायला जास्त गिरकी लागते, हा नियम ब्रिटिश गणिती ग्रीनहिल यांनी १८७९ मध्येच मांडला होता. जुन्या .२२-२५० च्या नळीत आटे १४ इंचांत एकच वेढा घेतात. ३६ ते ४५ ग्रेनच्या तांब्याच्या गोळीला तेवढं चालून जातं, पण ५५ ग्रेनची डुगडुगते. .२२३ च्या रायफली ७, ८, ९ आणि १२ इंची वेढ्यांतही मिळतात. तेव्हा दुकानदाराला कॅलिबर नंतर विचारावं, आधी नळीवर कोरलेला वेढ्याचा आकडा वाचून घ्यावा.