कापसाची प्रत यंत्र ठरवणार, तर दाद कुठं?

व्यवसायात कृत्रिम बुद्धिमत्ता सचोटीनं वापरावी, ही चर्चा शहरांतून येते. विदर्भातल्या कास्तकारासाठी तिच्यातला प्रश्न जुनाच आहे: मालाची प्रत कुणी ठरवायची आणि पटली नाही तर जायचं कुठं?

१८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेलं. पुढं अमेरिकेतल्या यादवी युद्धानं कापसाचे भाव चढले, १८७० मध्ये खामगावला रेल्वे आली. १८८६ मध्ये कारंजात देशातला पहिला नियंत्रित बाजार उभा राहिला. हेतू कास्तकाराचं भलं नव्हताच. मँचेस्टरच्या गिरण्यांना शुद्ध कापूस वाजवी भावात हवा होता. १८९७ च्या वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्यानं नियम आणले, पण ते राबवणाऱ्या समित्यांवर व्यापाऱ्यांचाच वरचष्मा राहिला. १९६३ च्या राज्याच्या कायद्यानं बाजार समितीत शेतकरी प्रतिनिधींना बहुमत दिलं.

१९७२ पासूनच्या एकाधिकार खरेदीत, म्हणजे कापूस फक्त सरकारलाच विकायच्या योजनेत, ग्रेडर नजरेनं प्रत सांगायचा आणि त्यावर भाव ठरायचा. भांडणं व्हायची, पण भांडायला माणूस समोर असायचा.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राला फोटोवरून कापसाचा रंग आणि कचरा ओळखणं अवघड राहिलेलं नाही. मात्र पहिल्या वेचणीच्या स्वच्छ मालावर शिकवलेलं यंत्र फरदडीच्या (हंगामानंतरही शेतात राखलेल्या पिकाच्या) किंवा पावसात भिजलेल्या कापसाला गरजेपेक्षा खाली ढकलू शकतं. यात कुणाची बेइमानी नसते, म्हणूनच ते पकडणं कठीण.

नीती आयोगानं २०२१ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या जबाबदार वापराची तत्त्वं मांडली. जून २०२५ मध्ये राज्यानं शेतीत ही बुद्धिमत्ता वापरण्याचं ५०० कोटींचं महाअ‍ॅग्री-एआय धोरण मंजूर केलं. नोव्हेंबरमध्ये केंद्राची मार्गदर्शक सूत्रं आली, तीही बंधनकारक नाहीत.

सचोटीनं नफा घटतो, असं जिनिंगवाल्यांना (कापसातून सरकी काढणाऱ्या कारखानदारांना) वाटत असेल तर हंगाम आठवावा. तो काही महिन्यांचाच. कापसाच्या गाड्या शेजारच्या तालुक्यात वळल्या की जिनिंगची यंत्रं रिकामी. अर्थात, ज्याच्याकडून बी-खताला उचल घेतली त्यालाच माल घालणारा कास्तकार गाडी वळवू शकत नाही. त्याला बाजारातल्या स्पर्धेचा उपयोग नाही, कायदाच लागतो. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचा हक्क आहे. यंत्रानं प्रत का पाडली, हे विचारण्याचा नाही. तो हक्क मिळेपर्यंत हा तंटा बाजार समितीपुढंच न्यावा लागेल.