तेलाच्या जिल्ह्यातलं पाणी

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याच्या वायव्येला व्हेनँगो नावाची डोंगराळ काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. अलेघेनी नदी तिच्यातून वळणं घेत पिट्सबर्गकडे जाते. १८५० च्या आधी इथल्या वसाहतवाल्यांचं पोट दोन धंद्यांवर चालायचं: डोंगरातली झाडं तोडून त्यांचे तराफे नदीतून खाली न्यायचे, नाहीतर लोणारी कोळशाच्या भट्ट्यांवर लोखंड गाळायचं. तेल होतं, पण ते ओढ्यावर तरंगायचं. इथले मूळ रहिवासी सेनेका लोक आणि त्यांचे पूर्वज ऑइल क्रीक या ओढ्याच्या काठी खड्डे खणून तो तवंग गोळा करत. पुढे गोऱ्यांनी तेच तेल औषध म्हणून बाटल्यांत भरून विकलं.

पेट्रोलियमच्या धंद्याची सुरुवात याच काउंटीतली मानली जाते. तिची गोष्ट सांगताना लोक एका रात्रीत श्रीमंत झालेल्यांबद्दलच बोलतात. मला त्यात पाणी जास्त दिसतं. इथे तेल शोधणाऱ्यांची खरी झुंज पाण्याशी होती, आणि ती नीट न समजल्यामुळेच कितीतरी विहिरी बुडाल्या.

या तेलापासून दिव्याचं उत्तम तेल निघतं, असा अहवाल येल विद्यापीठाचे रसायनतज्ज्ञ बेंजामिन सिलिमन (धाकटे) यांनी १८५५ मध्ये दिला. मग हे तेल काढू पाहणाऱ्या कंपनीने एडविन ड्रेक या माजी रेल्वे कंडक्टरला ऑइल क्रीकच्या काठच्या टायटसव्हिल गावी पाठवलं. त्याने आधी साधी विहीर खणून पाहिली, पण ओढ्याकाठची रेताड जमीन ती. पाणी भरायचं आणि कडा ढासळायच्या. शेवटी त्याने १०-१० फुटांचे ओतीव लोखंडी पाइप एकावर एक ठोकत ३२ फुटांवरच्या कातळापर्यंत नेले. आपल्याकडे बोअर मारताना वरची माती ढासळू नये म्हणून केसिंग घालतात, तोच हा विचार. पाइपच्या आतून जड लोखंडी छिन्नी उचलून आपटत विल्यम स्मिथ हा लोहार खाली जात राहिला. दिवसाला जेमतेम ३ फूट. २७ ऑगस्ट १८५९ रोजी ६९.५ फुटांवर छिन्नी एका भेगेत घसरली आणि काम थांबलं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. स्मिथने सहज पाइपात डोकावून पाहिलं, तर तेल वर आलेलं. ड्रेकने या पाइपचं पेटंट घेतलं नाही. म्हातारपणी तो इतका कफल्लक झाला की १८७३ मध्ये राज्याने त्याला वर्षाला १,५०० डॉलर मंजूर केले.

तेल निघालं, पण न्यायचं कसं? ऑइल क्रीक हा उथळ ओढा. मग सॉ मिलवाल्यांचे बंधारे कामी आले. ठरलेल्या दिवशी वरच्या अंगाचे बंधारे अशा क्रमाने फोडायचे, की सगळीकडचं पाणी एकदमच मुख्य ओढ्यात उतरेल. या मानवनिर्मित पुरावर पिंपांनी भरलेल्या शेकडो होड्या अलेघेनीकाठच्या ऑइल सिटी गावापर्यंत सुटायच्या. यातली मेख वेळेत होती. पहिला लोंढा येताच ज्याने दोर सोडला, त्याची होडी पाण्याच्याही पुढे पळून गाळात रुतायची, आणि मागच्या होड्या तिच्यावर आदळायच्या. जुने नावाडी पूर भरेपर्यंत दोर धरून बसत. एखादी होडी आडवी झाली की हजारो पिंपं तेल ओढ्यात जायचं.

१८६५ मध्ये पिटहोल नावाच्या शिवारात मोठ्या विहिरी लागल्या. मे महिन्यात आखलेल्या गावात सप्टेंबरपर्यंत सुमारे १५,००० माणसं होती. बैलगाड्या-घोडागाड्यांचे दर परवडेनात, म्हणून सॅम्युएल व्हॅन सिकेलने त्याच वर्षी २ इंची लोखंडी नळ टाकून तेल ५ मैलांवरच्या रेल्वेपर्यंत पंपाने नेलं. चिडलेल्या गाडीवानांनी नळ उखडले, पण गाड्यांचे दिवस संपले होते.

पिटहोल मात्र टिकलं नाही. कारण भूगर्भात होतं. इथलं तेल एखाद्या तळ्यासारखं साचलेलं नसतं. ते डेव्होनियन काळातल्या, म्हणजे ३५ कोटी वर्षांहून जुन्या वालुकाश्माच्या बारीक छिद्रांत भरलेलं असतं. त्यात विरघळलेल्या वायूचा दाब त्याला वर ढकलतो. शेजारीशेजारी विहिरी पाडल्या की प्रत्येक जण तोच दाब खर्च करतो. कायदाही ‘जो काढेल त्याचं’ असाच होता, त्यामुळे कुणी थांबायला तयार नव्हतं.

दुसरं कारण जवसाचं. तेलाच्या थरावर पाण्याचे थर असतात. ते पाणी खाली उतरू नये म्हणून तेव्हा उपसा-नळीभोवती जवस भरलेली चामड्याची पिशवी बांधून विहिरीत सोडत. जवस भिजून फुगला की नळी आणि कातळ यांच्यातली फट बंद. युक्ती मोठी सुंदर! पण दुरुस्तीसाठी नळी वर ओढली की बूच निघायचं आणि वरचं सगळं पाणी तेलाच्या थरात शिरायचं. वालुकाश्मातली छिद्रं एकमेकांना जोडलेली, त्यामुळे एकाच्या निष्काळजीपणाने शेजाऱ्याची विहीरही बुडायची. पाणी कायमचं अडवणारं खोल केसिंग रुळेपर्यंत बरंच नुकसान होऊन गेलं. विहिरी आटल्या, आगी लागल्या, आणि १८७८ मध्ये पिटहोलची उरलेली जमीन ४ डॉलर ३७ सेंटला विकली गेली.

आज ऑइल क्रीकच्या खोऱ्यात पुन्हा दाट जंगल आहे. त्यात सोडून दिलेल्या जुन्या विहिरी दडल्या आहेत, आणि त्यांतल्या काहींतून मिथेन झिरपतो. हेलिकॉप्टरला चुंबकमापक बांधून लोखंडी केसिंग शोधता येतं, पण सर्वांत जुन्या विहिरींत लाकडी नळ होते किंवा लोखंड उपटून भंगारात गेलं. त्या या यंत्राला दिसत नाहीत. त्या पायी हिंडून, जुने नकाशे आणि फोटो पाहून शोधाव्या लागतात. सापडली की विहीर आधी साफ करायची आणि मग सिमेंटने बुजवायची, म्हणजे खालचं तेल व खारं पाणी वरच्या गोड्या पाण्यात मिसळत नाही.