गुडघ्यातलं वंगण संपत नाही

"गुडघ्यातलं वंगण संपलंय, आता जिने चढू नका." साठीच्या आसपासच्या बहुतेकांना हे कुणी ना कुणी ऐकवलेलं असतं. मग गुडघा कमीत कमी हलवायचा, दिवसभर खुर्ची धरून बसायचं आणि वंगण वाढवणारं काहीतरी खायचं, असा बेत ठरतो. भेंडी रात्रभर भिजवून ते बुळबुळीत पाणी सकाळी प्यायचा सल्ला तर मोबाइलवर सतत फिरत असतो.

या समजुतीतली विसंगती आपल्या बोलण्यातच आहे. वंगण संपलेल्या त्याच गुडघ्याला सूज आली की 'गुडघ्यात पाणी झालंय' असंही आपण म्हणतो. निरोगी गुडघ्यात संधिद्रव, म्हणजे ज्याला आपण वंगण म्हणतो तो सांध्यातला द्रव, असतो जेमतेम १ ते ४ मिलिलिटर, म्हणजे पोह्याच्या चमचाभरही नाही. सुजलेल्या गुडघ्यातून डॉक्टर सुईने ३०-४० मिलिलिटर सहज काढतात. म्हणजे झिजलेल्या सांध्यात द्रव आटतो असं नाही. उलट पुष्कळदा तो वाढतो आणि पातळ होतो.

मग एक्स-रे दाखवून 'गॅप कमी झाली' म्हणतात, ती कशाची? मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामध्ये जी काळी फट दिसते, ती रिकामी नसते. दोन्ही हाडांच्या टोकांवर कूर्चा असते, मध्ये मेनिस्कसच्या दोन गाद्या असतात आणि या दोन्ही गोष्टी एक्स-रेत दिसत नाहीत. फट अरुंद होते ती त्या झिजल्यामुळे किंवा गादी जागेवरून सरकल्यामुळे. सगळा मामला या कूर्चेचा आहे, आणि ती काय चीज आहे हे कळलं की वंगणाची कल्पना आपोआप मागे पडते.

मटणाच्या दुकानात पाय किंवा नळी घेताना हाडाचं टोक नीट पाहा. निळसर पांढरं, काचेसारखं चमकणारं आणि ओलं. बोट फिरवलं तर सरकन निसटतं. नखाने दाबलं तर किंचित दबतं आणि पुन्हा वर येतं. ती कूर्चा. माणसाच्या गुडघ्यात तिची जाडी काही मिलिमीटरच असते. वाटीच्या मागच्या बाजूला ती शरीरात सर्वांत जाड असते. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत, नसा नाहीत. विल्यम हंटर या शरीररचनातज्ज्ञाने १७४३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे सांध्यांतल्या कूर्चेवर निबंध वाचला, तेव्हाच त्याने लिहून ठेवलं होतं की एकदा खराब झालेली कूर्चा पुन्हा भरून येत नाही.

साधं चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो. ६० किलोच्या माणसाच्या प्रत्येक पावलाला दीडशे किलो! एवढा भार पेलून कूर्चेवर कूर्चा घसरते आणि तरी घर्षण टेफ्लॉनपेक्षाही कमी राहतं. मला विचाराल तर सांध्यांच्या अभ्यासातली सर्वांत देखणी गोष्ट हीच.

कूर्चेचा ६५ ते ८० टक्के भाग पाणी असतो. उरलेल्यात मुख्य घटक दोन. एक, कोलॅजेनच्या तंतूंची घट्ट जाळी. दुसरा, त्या जाळीत अडकलेले ॲग्रिकन नावाच्या प्रथिनाचे प्रचंड रेणू. या रेणूंवर ऋण विद्युतभार असतो. तो सोडियमचे धनभारित आयन ओढून घेतो, आणि आयनांची गर्दी झाली की परासरणाने, म्हणजे क्षार जास्त तिकडे पाणी ओढलं जातं त्या नियमाने, पाणीही आत येतं. कूर्चा फुगू पाहते, कोलॅजेनची जाळी तिला आवरून धरते. दोघांच्या ताणाताणीत कूर्चा कायम टणक राहते.

आता वरून भार आला. पाणी बाहेर पडायला बघतं, पण वाटा नॅनोमीटरच्या मापाच्या. दुधाची बंद पिशवी तळहाताने दाबा, ती चपटी होत नाही. दूध दाब परतवून लावतं. तिला सुईचं भोक पडलं तरी दूध ठिबकत हळूहळूच कमी होतं. कूर्चेतही सुरुवातीला ९० टक्क्यांहून अधिक भार पाण्याच्या दाबावर पेलला जातो. घर्षण होतं ते घन भाग घन भागावर घासतो तेव्हा, आणि इथे घन भागाच्या वाट्याला भारच थोडा येतो.

चार्ल्स मॅकचन यांनी १९५९ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत ही कल्पना मांडली. काचेवर दाबून ठेवलेल्या कूर्चेचं घर्षण सुरुवातीला नगण्य असतं. तशीच दाबून ठेवली तर पाणी झिरपत जातं, भार घन जाळीवर येतो आणि घर्षण वाढत जातं. बराच वेळ एकाच जागी उभं राहिलं की नेमकं हेच सुरू होतं.

मग गेलेलं पाणी परत कसं येतं? भार उतरला की परासरणाने येतं, हे जुनं उत्तर. पण भार असतानाही ते परत येऊ शकतं, हे अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठातल्या डेव्हिड बरिस यांच्या गटाने २०१७ च्या सुमारास दाखवलं. बाकदार कूर्चा सपाट पृष्ठभागावर पुरेशा वेगाने घसरवली की संपर्काच्या कडेला निमुळत्या फटीत द्रव ओढला जातो, तिथला द्रवाचा दाब वाढतो आणि पाणी कूर्चेत परत शिरतं. हा वेग चालताना सांध्यात असतो तेवढाच. म्हणजे कूर्चेचं पाणी चालण्यानेच टिकतं. पेशींचं पोषणही याच ये-जा करणाऱ्या द्रवातून होतं, कारण रक्त तिथे पोहोचतच नाही.

संधिद्रवाला काही काम नाही असं नव्हे. त्यातला हायल्युरोनन हा बुळबुळीत पदार्थ आणि ल्युब्रिसिन हे प्रथिन पृष्ठभागाला शेवटचं संरक्षण देतात. पण ते सांध्याच्या अस्तरातल्या पेशी स्वतः बनवतात. भेंडीतला बुळबुळीत पदार्थ आतड्यात जातो, तिथले जिवाणू तो आंबवतात आणि विषय तिथेच संपतो. एक पदार्थ दुसऱ्यासारखा बुळबुळीत दिसतो म्हणून तो त्याची जागा घेईल, हा तर्क चेटकाचा आहे, विज्ञानाचा नाही. तांब्याचं कडं आणि चुंबकाचा पट्टा यांचीही तपासणी झाली आहे. उपयोग दिसला नाही. महागड्या ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांची अमेरिकेत १,५८३ रुग्णांवर चाचणी झाली. २००६ मध्ये तिचे निष्कर्ष आले: एकूण रुग्णांत या गोळ्या औषधविरहित गोळीपेक्षा सरस ठरल्या नाहीत.

गुडघ्यातल्या पाण्याचा एक परिणाम मात्र फारसा कुणी सांगत नाही. सांध्यात जास्तीचा द्रव साचला की तिथल्या नसा मज्जारज्जूकडे संदेश पाठवतात आणि मांडीच्या पुढच्या क्वाड्रिसेप्स स्नायूला जाणारी आज्ञाच कमी होते. निरोगी गुडघ्यात थोडं सलाइन टोचलं तरी हे घडतं. पाऊल पडताना बसणारा धक्का हाच स्नायू झेलत असतो. तो ढिला पडला की धक्का थेट सांध्यावर येतो, दुखणं वाढतं, माणूस आणखी बसून राहतो, स्नायू आणखी बारीक होतो. जुनाट झिजेत डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट मांडीचे व्यायाम देतात ते यासाठी. खुर्चीत ताठ बसायचं, एक पाय गुडघ्यात सरळ करून काही सेकंद धरायचा, सावकाश खाली आणायचा. वजन जास्त असेल तर तेही उतरवायचं: एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो. गुडघा लाल, गरम झाला असेल, ताप असेल किंवा तो मध्येच अडकत असेल, तर व्यायामाआधी डॉक्टरांना दाखवायचं.