लाखो अंडी घालणारा मासा संपतो तरी कसा?

पापलेटचा भाव चढला की आपल्या नाशिकच्या मासळी बाजारात एक वाक्य हमखास कानावर येतं, अहो एकेक मासा लाखो अंडी घालतो, पावसाळ्यात बंदी पण असते, मग मासळी संपेल कशी? थॉमस हक्सलीसारखा मोठा शास्त्रज्ञ सुद्धा १८८३ मध्ये लंडनला हेच म्हणाला होता, कॉडसारख्या (कॉड म्हणजे थंड समुद्रातला मोठा खाण्याचा मासा) माशांचे साठे बहुधा संपणारच नाहीत. १९९२ मध्ये कॅनडाला न्यूफाउंडलंडची कॉड मासेमारी बंद करावी लागली आणि हजारो लोकांचं काम गेलं. ती बंदी उठायला २०२४ उजाडलं.

सगळा खेळ अंडं फुटल्यानंतरच्या थोड्या दिवसांत आहे. कॉडचं पिल्लू जन्मतं ते जेमतेम ४-५ मिलिमीटरचं, पोटाला बलकाची पिशवी, म्हणजे आईने बांधून दिलेला डबाच. काही दिवसांत डबा संपतो, तोवर शिकार जमली पाहिजे, आणि शिकार म्हणजे कोपेपॉड नावाच्या सूक्ष्म जिवांची पिल्लं, ती पण अगदी जवळून गेली तरच दिसणार कारण डोळे एवढेसे आणि पोहायचं बळ नाही. म्हणून खाद्य नुसतं असून भागत नाही, ते दाट पाहिजे आणि त्याच दिवसांत पाहिजे. समुद्रातलं प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे असे सूक्ष्म जीव, आधीच फुलून ओसरलं की पिल्लं उपाशी, आणि एका मर्यादेपलीकडे अशक्त झाली की समोर खाणं आलं तरी खाता येत नाही. योहान योर्ट या नॉर्वेच्या शास्त्रज्ञाने १९१४ मध्ये हा विचार मांडला, कारण १९०४ साली जन्मलेले हेरिंग मासे पुढे कित्येक वर्षं जाळ्यात भरभरून येत होते, म्हणजे त्या एका वर्षी पिल्लं जास्त जगली होती.

आता हिशोब बघा, मला हा फार आवडतो. दहा लाख पिल्लं, रोज १० टक्के मेली तर ६० दिवसांनी साधारण १,८०० उरतात. तेच रोज ८ टक्के मेली तर ६,७००! रोजचा फरक फक्त दोन टक्क्यांचा, पण पिढी पावणेचार पट. शिवाय पोट भरलेलं पिल्लू लवकर वाढतं, म्हणजे धोक्याचे दिवसच कमी होतात, तो फायदा वेगळाच.

म्हणून मासळी कमी आली की दर्या कोपला म्हणणं सोडून द्यायला हवं. आणि हॅचरीतून, म्हणजे अंडी उबवायच्या केंद्रातून, पिल्लं सोडली की समुद्र भरेल हा प्रचारही तसाच, नॉर्वेत १८८० च्या दशकापासून कित्येक दशकं कॉडची पिल्लं सोडली, साठा वाढल्याचा पक्का पुरावा मिळाला नाही.

चांगलं वर्ष कधी येईल ते आपल्या हातात नाही, पण आलं तेव्हा अंडी घालायला माद्या शिल्लक असणं आहे. नॉर्वेचं हेरिंग १९६० च्या दशकाच्या अखेरीस कोसळलं, मासेमारी आवळली, तरी भक्कम पिढी आली ती १९८३ ची. तळहातापेक्षा लहान पापलेट स्वस्त मिळतं म्हणून आपण घेतो, त्याने बहुतेक एकदाही अंडी घातलेली नसतात. आणि कॉडमध्ये वयाने मोठ्या माद्या जास्त दिवस, टप्प्याटप्प्याने आणि मोठी अंडी घालतात, त्यामुळे एखादी तरी खेप प्लवकाच्या वेळेत सापडते, पण जोरात मासेमारी सुरू झाली की सगळ्यात आधी कमी होतात त्या याच माद्या.