गोल्फ सिम्युलेटरवरील बिगरहंगामी सराव

गोल्फ सिम्युलेटर म्हणजे खऱ्या क्लबने (गोल्फच्या काठीने) खरा चेंडू खोलीतल्या पडद्यावर मारायचा आणि त्याचे पुढचे उड्डाण संगणकाने गणित करून दाखवायचे, अशी यंत्रणा. थंड देशांत बर्फ पडून मैदाने बंद होतात, म्हणून तिथे तिचा वापर हिवाळ्यात वाढतो. बडोद्यात नेमके उलटे आहे. इथे खेळायचे खरे दिवस दिवाळी ते होळी. मे महिन्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो, जूनच्या मध्यानंतर पाऊस लागतो आणि सप्टेंबर सरेपर्यंत मैदानाचा भरवसा नसतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी शहरभर पसरले आणि मगरी वस्तीत आल्या, तेव्हा तर गोल्फचे नाव काढायचीही सोय नव्हती. थोडक्यात, बडोदेकराचा बिगरहंगाम हा पावसाळाच.

शहरातले नामांकित मैदान लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात आहे. १९३० च्या दशकात प्रतापसिंहराव गायकवाडांनी ते युरोपीय पाहुण्यांसाठी करवून घेतले. पुढे १९९० च्या दशकात त्यांचे नातू, रणजी खेळलेले समरजितसिंह, यांनी त्याचे नूतनीकरण करून ते लोकांना खुले केले. पावसाळ्यात छपराखाली अंग घडवणे या गावाला नवे नाही. दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाम मंदिराची परंपरा त्याची साक्ष आहे. फरक एवढाच, की आखाड्यात चूक वस्ताद दाखवतो आणि सिम्युलेटरवर आकडा.

हा आकडा देणारे उपकरण म्हणजे लाँच मॉनिटर. चेंडू आणि क्लब यांची गाठ जेमतेम अर्धा मिलिसेकंद पडते. डोळ्याला त्यात काही कळत नाही. रडारवर चालणारी उपकरणे चेंडूच्या मागे ठेवतात. चेंडूचे उड्डाण पकडायला त्यांना पुढे-मागे मोकळी जागा लागते, त्यामुळे लहान खोलीत ती अडखळतात. वेगवान कॅमेऱ्यांची उपकरणे चेंडूच्या बाजूला किंवा छताला बसवतात, म्हणून ती कमी जागेत भागवून घेतात. छत निदान ३ मीटर उंच हवे. उंच खेळाडूला ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब क्लब, फिरवायला तेही कमी पडते, आणि छताच्या धास्तीने आखडलेला स्विंग (क्लब फिरवण्याची हालचाल) पुढे मैदानावरही तसाच राहतो.

पडद्यावर वीसेक आकडे येतात. त्यांतले स्विंगसाठी खरोखर उपयोगाचे दोनच : क्लबचा मार्ग आणि आघाताच्या क्षणी क्लबच्या फेसची, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या सपाट बाजूची, दिशा. चेंडू कुठे निघतो हे मुख्यतः फेस ठरवतो, आणि तो हवेत किती वळतो हे फेस व मार्ग यांच्यातला फरक ठरवतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा क्लब बाहेरून आत येत असेल आणि फेस त्या मार्गापेक्षा उघडा, म्हणजे उजवीकडे वळलेला, असेल, तर चेंडू उजवीकडे वळणार, म्हणजेच स्लाइस. क्रिकेटमधून आलेल्यांना हा रोग हटकून असतो, आणि बडोद्यात क्रिकेटमधून न आलेला शोधावा लागतो. आघात नीट बसला का हे सांगणारा तिसरा आकडा स्मॅश फॅक्टर : चेंडूचा वेग भागिले क्लबहेडचा (क्लबच्या डोक्याचा) वेग. ड्रायव्हरला १.५ च्या आसपास म्हणजे उत्तम. क्लबहेड ताशी १५० किमीने येत असेल, तर चेंडू सुमारे २२५ किमीने सुटला पाहिजे. तो २०० नेच सुटत असेल, तर ताकद कमी नाही. चेंडू फेसच्या मध्यावर बसत नाही.

पावसाळ्याच्या सुरुवातीला ड्रायव्हर पिशवीतच राहू द्यावा. सात नंबरच्या आयर्नने (मध्यम अंतराच्या लोखंडी क्लबने) अर्धा स्विंग, मग पाऊण, आणि एका वेळी एकच दुरुस्ती. अंतराचा आकडा पडद्यावरून घालवता येत असेल तर खुशाल घालवावा. तो दिसला की माणूस जोर लावतो आणि आठवड्याची मेहनत दहा मिनिटांत मोडतो. मित्रांबरोबर पडद्यावरच्या परदेशी कोर्सवर अठरा होल खेळणे ही करमणूक आहे, तिला सराव म्हणू नये. शिवाय संगणकात कोर्सची उंची गृहीत धरलेली असते. डोंगरातल्या विरळ हवेत चेंडू लांब जातो; बडोदे समुद्रसपाटीपासून ४० मीटरच्या आसपास, त्यामुळे तिथले अंतर इथे मिळणार नाही.

सगळ्यात मोठी फसवणूक मॅट, म्हणजे चेंडू ठेवायची कृत्रिम गवताची चटई, करते. चेंडूच्या मागे क्लब टेकला तर मैदानावर तो मातीत रुततो आणि चेंडू चार पावलांवर पडतो. मॅटवर मात्र तोच क्लब घसरत पुढे येतो आणि फटका बरा वाटतो. महिनोन्‌महिने ही चूक लपून राहते. उपाय सोपा आहे : चेंडूच्या मागे बोटभर लांबीवर घडी घातलेला पंचा ठेवायचा. क्लब पंच्याला लागला, की यंत्राने काहीही दाखवले तरी तो फटका वाया. मॅट पातळ असेल तर मनगट आणि कोपर दुखू लागतात. जाड मॅट घ्यावी आणि फटके मोजके मारावेत.

पटिंगचा, म्हणजे चेंडू हिरवळीवरून हळूच होलमध्ये ढकलण्याचा, सराव मात्र सिम्युलेटरवर फारसा साधत नाही. हिरवळीचा उतार पायाला जाणवावा लागतो आणि सपाट मॅटवर तो नसतो. ऑक्टोबरमध्ये मैदान वाळले की पहिले काही दिवस पटर (पटिंगचा क्लब) आणि वेज (जवळच्या उंच फटक्यांचा क्लब) यांनाच द्यावेत.