विस्थापित किती आणि विस्थापनं किती: एका काना-मात्रेची गफलत

दरवर्षी मे महिन्यात जिनिव्हाहून एक अहवाल येतो. जगभरात आपल्याच देशात घरदार सोडावं लागलेल्या लोकांची मोजदाद त्यात असते. काढणारी संस्था इंटर्नल डिस्प्लेसमेंट मॉनिटरिंग सेंटर, म्हणजे आयडीएमसी. १९९८ पासून हे काम करते, आणि तिचा विदा, म्हणजे डेटा, कुणालाही फुकट उतरवून घेता येतो. अहवाल आला की दुसऱ्या दिवशी आपल्याकडे बातमी येते आणि ती नेमाने चुकलेली असते.

२०२५ च्या अहवालात दोन मोठे आकडे होते. २०२४ संपताना जगात अंतर्गत विस्थापित ८.३४ कोटी. २०२४ या वर्षात झालेली अंतर्गत विस्थापनं ६.५८ कोटी. मी वाचलेल्या एका बातमीत दुसऱ्या आकड्यापुढे ‘नागरिक’ होतं, दुसरीत पहिल्या आकड्यापुढे ‘गेल्या वर्षभरात’ होतं, आणि एका उत्साही सादरीकरणात दोन्हींची बेरीज करून जवळजवळ पंधरा कोटी केले होते. वर ‘दर सेकंदाला दोन माणसं बेघर’ हा भागाकारही होताच. ह्या भागाकाराचा मला मनस्वी कंटाळा आहे. का, ते पुढे येईल.

आधी किरकोळ गोष्टी उरकतो. देशाची सीमा ओलांडली तर शरणार्थी, नाही ओलांडली तर अंतर्गत विस्थापित. हे बहुतेकांना ठाऊक असतं. ‘बाधित’ हा तिसराच प्रकार. २०२२ च्या पुरात पाकिस्तानात ३.३ कोटी लोक बाधित झाले, पण विस्थापनं नोंदली गेली ती ८२ लाख. पीक गेलं, विहिरीत गाळ भरला, पण माणूस आपल्याच घरात राहिला, तर तो बाधित. एवढं पुरे.

खरी गोची विस्थापित आणि विस्थापनं यांत आहे. आणि ती आपल्याला अवघड जायला नको, कारण दर पावसाळ्यात आपण हेच दोन आकडे शेजारी शेजारी वाचतो. ‘कोयनेत ८० टीएमसी साठा, ५० हजार क्युसेक विसर्ग.’ साठा म्हणजे ह्या घटकेला धरणात आहे ते पाणी. विसर्ग म्हणजे अमुक वेळात दरवाज्यातून गेलं ते. टीएमसीत क्युसेक मिळवून ‘एकूण पाणी’ सांगणाऱ्याला आमच्याकडचं शाळकरी पोरही हसेल. विस्थापित म्हणजे साठा: एका ठरावीक तारखेला घराबाहेर असलेली माणसं. विस्थापनं म्हणजे प्रवाह: एका काळात घर किंवा आसरा सोडून किती वेळा निघावं लागलं, त्या खेपा. पहिल्याला तारीख लागते, दुसऱ्याला कालावधी.

इथवर धरणाची उपमा चालते, पुढे ती तुटते. दरवाज्यातून गेलेलं पाणी त्याच दरवाज्याशी परत येत नाही. माणूस येतो.

माझी मावशी शिरोळ तालुक्यातली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेचं पाणी चढलं तेव्हा तिला आधी गावच्या हायस्कुलात नेलं. दोन दिवसांनी हायस्कुलाच्या पायऱ्या बुडाल्या, तेव्हा बोटीतून बाहेर काढून जयसिंगपूरला एका मंगल कार्यालयात ठेवलं. तिथं सतरंजीवर बारा दिवस. मग २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी, पुन्हा हायस्कूल. प्रत्येक खेप टिपली गेली, तर प्रवाहाच्या हिशेबात मावशी तीन. २०१९ मध्ये दोन, २०२१ मध्ये एक. हे तिला समजावून सांगितलं तर म्हणाली, “आरं, मी एकलीच की!”

तेच तर. विस्थापनं हा माणसांचा आकडा नाही. दर सेकंदाला दोन माणसं नाही, फार तर दर सेकंदाला दोन खेपा.

हे किती टोकाला जाऊ शकतं ते बघायला गाझा पट्टी घ्या. तिथली लोकसंख्या २२ लाखांच्या आसपास. ऑक्टोबर ते डिसेंबर २०२३ या जेमतेम तीन महिन्यांत आयडीएमसीने तिथं ३४ लाख विस्थापनं नोंदली. म्हणजे राहणाऱ्यांपेक्षा विस्थापनं जास्त. हा आकडा बघून ‘विदाच खोटा आहे’ म्हणणारेही भेटले मला. खोटा नाही. ऑक्टोबरात उत्तरेकडच्या लोकांना दक्षिणेला जायला सांगितलं गेलं, ते खान युनिसला आले. डिसेंबरात खान युनिसवर मारा सुरू झाला, तिथून ते रफाहला गेले. प्रत्येक वेळी नवी नोंद. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला विस्थापित किती होते? १७ लाख. दोन्ही आकडे बरोबर, दोन्ही भयानक. दुसरा सांगतो किती जणांना तंबू, पाणी, पीठ लागेल. पहिला सांगतो की त्यांना एका जागी टिकूच दिलं नाही.

उलट बाजूनं युक्रेन बघा. २०२२ मध्ये १.६९ कोटी विस्थापनं, वर्षअखेर ५९ लाख विस्थापित. मधले एक कोटी दहा लाख कुठं गेले, असं विचारणं म्हणजे वजाबाकी चुकीच्या ठिकाणी करणं. काही पोलंड-रुमानियात जाऊन शरणार्थी झाले, काही कीव्हला घरी परतले, काही दोनदा-तीनदा हलले आणि अजून बाहेरच होते. प्रवाहातून साठा वजा करून काहीही हाती लागत नाही. लागोपाठच्या दोन वर्षांच्या साठ्यांची वजाबाकी करून ‘यंदा इतके नवे विस्थापित’ काढणं तर त्याहून वाईट. साठा परतीनं घटतो, विस्थापितांच्या घरी जन्मलेल्या मुलांनी वाढतो, आणि कधी कधी नुसतं नवं सर्वेक्षण झालं म्हणून खाली-वर होतो.

सगळ्यात बोचणारं उदाहरण सुदानचं आहे. २०२४ संपताना तिथं १.१६ कोटी अंतर्गत विस्थापित होते. एका देशात इतके आजवर कधी नोंदले गेले नव्हते. त्यातलीच लाखो माणसं उत्तर दारफुरमध्ये अल-फाशेरजवळच्या झमझम छावणीत राहत होती. एप्रिल २०२५ मध्ये छावणीवर हल्ला झाला आणि सुमारे चार लाख लोक तिथून पळाले, बरेचसे तविलाकडे. ते आधीच विस्थापित होते. त्यामुळे सुदानच्या साठ्यात या पळापळीनं एकाचीही भर पडली नाही. तुम्ही फक्त साठ्याचा आलेख बघत असाल तर एप्रिलमध्ये तिथं काही घडलंच नाही. पुढे त्याच वर्षी खार्तुमकडे लोक परतू लागले, तेव्हा साठ्याची रेघ उतरू लागली. ‘सुदान सावरतोय’ असं त्या रेघेवरून लिहिणाऱ्याने प्रवाहाचा स्तंभ उघडलेला नसतो.

आता आपत्ती आणि संघर्ष. हे दोन स्तंभ वेगळे का वाचायचे, ते साठा-प्रवाह कळल्यावर आपोआप कळतं. २०२४ च्या प्रवाहात आपत्तीमुळे ४.५८ कोटी, संघर्ष-हिंसेमुळे २.०१ कोटी. म्हणजे पूर-वादळं दुपटीहून जास्त. साठ्यात बरोबर उलटं: संघर्षामुळे ७.३५ कोटी, आपत्तीमुळे फक्त ९८ लाख. (बेरजेत शेवटचा आकडा एकाने चुकतो, तो पूर्णांकनामुळे. त्यावर ईमेल पाठवू नका.) वादळाच्या भीतीनं आधीच हलवलेली माणसंही विस्थापनात धरली जातात, आणि ती बहुधा चार दिवसांत घरी येतात. २०२४ मध्ये अमेरिकेत आपत्तीमुळे १.१ कोटी विस्थापनं झाली, कुठल्याही एका देशातला हा आजवरचा सर्वांत मोठा आकडा. त्यातली पुष्कळशी चक्रीवादळांआधीची खबरदारी. आपल्या देशात त्याच वर्षी ५४ लाख, आसामचा पूर त्यात मोठा. युद्धातून निघालेला माणूस मात्र वर्षानुवर्षं साठ्यात राहतो. म्हणून ‘हवामानामुळे युद्धापेक्षा जास्त लोक बेघर’ हे वाक्य प्रवाहावर खरं आणि साठ्यावर खोटं आहे. कुणी ते तारीख-कालावधी न सांगता फेकलं, तर मी पुढचं वाचत नाही.

पण आपत्तीच्या साठ्यावर माझा स्वतःचा विश्वास कमीच आहे, आणि ह्याचं कारणही मावशीच. पाणी ओसरल्यावर मंगल कार्यालयातलं शिबिर बंद झालं. यादी मिटली. तहसीलच्या कागदावर सगळे घरी गेले. मावशीच्या घराची मागची भिंत बसली होती, मातीची होती. ती हातकणंगल्याला भावाकडे राहिली, होळीपर्यंत. ३१ डिसेंबर २०१९ ला ती नक्की विस्थापित होती, पण कुठल्याच यादीत नव्हती. शिबिरात असलेला माणूस मोजता येतो. नातेवाइकाच्या पडवीत झोपलेला कोण मोजणार? जगाचा आपत्तीचा साठा आयडीएमसीने पहिल्यांदा मांडला तोच २०१९ अखेरचा, ५१ लाख. खरा आकडा याहून मोठा असणार, हे संस्था स्वतःच सांगते. तेव्हा आपत्तीच्या साठ्याचा आकडा ‘किमान’ असा शब्द लावूनच लिहावा.

फायली उघडणाऱ्यांसाठी थोडं. हे सगळं बहुतेक जण ह्युमॅनिटेरियन डेटा एक्स्चेंजवरून, म्हणजे एचडीएक्सवरून घेतात. संयुक्त राष्ट्रांच्या ओचाने, म्हणजे मदतकार्याचा समन्वय करणाऱ्या कार्यालयाने, २०१४ मध्ये सुरू केलेलं ते फडताळ आहे. फडताळाला स्रोत म्हणू नका. ‘एचडीएक्सच्या आकडेवारीनुसार’ हे ‘कपाटाच्या म्हणण्यानुसार’ असं लिहिण्यासारखं आहे. आत आयडीएमसी आहे, आयओएम या स्थलांतरविषयक संस्थेचं डीटीएम, म्हणजे विस्थापितांची मोजणी, आहे, यूएनएचसीआर ही शरणार्थींसाठीची संस्था आहे, आणि प्रत्येकाचं मोजमाप निराळं.

आयडीएमसीच्या वार्षिक तक्त्यात स्तंभाच्या नावात ‘स्टॉक’ असेल तर तो साठा. ‘इंटर्नल डिस्प्लेसमेंट्स’ असं अनेकवचन असेल तर प्रवाह. त्या शेवटच्या ‘स’वर सगळं अडलेलं आहे. साठ्याच्या स्तंभाला वर्षांमागून वर्षं बेरजेचं सूत्र लावू नका. एका विद्यार्थ्याच्या प्रकल्पात दहा वर्षांच्या वर्षअखेरीच्या साठ्यांची बेरीज ‘दशकभरातले विस्थापित’ म्हणून आली होती. म्हणजे एक जुलै ते दहा जुलै रोजचा धरणसाठा मिळवून दहा दिवसांचं पाणी काढल्यासारखं. डीटीएममध्ये हा मोह आणखी मोठा, कारण तिथं फेऱ्यांमागून फेऱ्या येतात, आणि प्रत्येक फेरी म्हणजे त्या वेळी तिथं असलेल्यांची नव्याने मोजणी. शेवटची फेरी घ्या, बाकीच्या आलेखापुरत्या ठेवा.

आयडीएमसीचा रोजच्या रोज बदलणारा प्रवाहही खुला आहे, मागच्या १८० दिवसांच्या नोंदी त्यात मिळतात. तिथं ‘रोल’ नावाचा स्तंभ असतो. ‘रेकमेंडेड फिगर’ लिहिलेल्या ओळीच बेरजेत घ्यायच्या. ‘ट्रायँग्युलेशन’ लिहिलेल्या ओळी त्याच घटनेबद्दल दुसऱ्या कुणी सांगितलेले आकडे असतात, पडताळ्यासाठी. त्या मिळवल्या की एकाच पुरातली माणसं दोनदा वाहून जातात.

आणि यूएनएचसीआरचा मोठा आकडा, २०२४ अखेर जगभरात बळजबरीने विस्थापित झालेले १२.३२ कोटी, आयडीएमसीच्या आकड्यात मिळवायचा नाही. संघर्षामुळे देशातल्या देशात विस्थापित झालेले ७.३५ कोटी त्याच्या पोटात आधीच बसलेले आहेत, आणि ते तिथं आयडीएमसीकडूनच गेले आहेत. आपत्तीचे विस्थापित मात्र त्यात नाहीत.

राहिला शब्दांचा प्रश्न. आपल्या बातम्यांत ‘स्थलांतर’ सगळीकडे वापरतात. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळीचंही स्थलांतर, बोटीतून काढलेल्या म्हातारीचंही स्थलांतर. मला ते पटत नाही. प्रशासनाने हलवलं असेल तर ‘हलवलं’ म्हणा, जीव वाचवायला पळाले असतील तर ‘विस्थापन’ म्हणा. मणिपूरच्या २०२३ च्या हिंसाचारातल्या ६७ हजाराबद्दल लिहायचं तर ‘६७ हजार विस्थापनं’. ‘६७ हजार वेळा घर किंवा आसरा सुटला’ हे लांबडं वाटलं तरी चालेल.

‘विस्थापित’ म्हटलं की आपल्याकडे अजूनही पहिल्यांदा धरणग्रस्त आठवतात. कोयनेच्या पाण्याखाली गावं गेलेले, पिढी उलटली तरी पुनर्वसनासाठी उपोषणाला बसणारे. आयडीएमसीच्या वर सांगितलेल्या एकाही जागतिक आकड्यात ते नाहीत, ना साठ्यात, ना प्रवाहात. तिथं फक्त संघर्ष-हिंसा आणि आपत्ती मोजली जाते. प्रकल्पाने उठवलेला माणूस त्या तक्त्याबाहेरच राहतो.